मेणातला तो तुकडा जपा

बारामती-इंदापुरात तोंडाच्या कॅन्सरचं नवल कुणाला वाटत नाही. 2004 मध्ये शरद पवारांवर शस्त्रक्रिया झाली, 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पुड्या मात्र संपल्या नाहीत. लाळग्रंथीचा कॅन्सर ही वेगळीच जात. तंबाखूशी त्याचं नातं तितकं पक्कं नाही. डोक्या-मानेवर पूर्वी घेतलेलं रेडिएशन, हे त्यातल्या त्यात ठाऊक असलेलं कारण. रोग दुर्मीळ, पण त्याचे प्रकार वीसच्या वर. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक हा त्यातला महाचिवट: नसांच्या कडेने सरकतो, ऑपरेशनला दहा वर्षं उलटल्यावरही फुप्फुसात उगवतो. तोवर डॉक्टर निवृत्त, फाईल वाळवीच्या तोंडी. ऊसतोडीला कारखान्या-कारखान्यावर फिरणाऱ्यांची फाईल तर पहिल्याच हंगामात हरवते.

गाठ तपासल्यावर तिचा नखाएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो, कडेला नंबर. लॅबवाले त्याला ब्लॉक म्हणतात. हा ब्लॉक वाचवा, हे पहिलं मागणं.

2010 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या डॉ. अलेना स्कालोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळग्रंथीच्या जपून ठेवलेल्या गाठी पुन्हा तपासल्या. भलत्याच नावाखाली मोडणाऱ्या काही गाठी वेगळ्याच निघाल्या. आज त्या प्रकाराला सिक्रेटरी कार्सिनोमा म्हणतात. त्यातला जनुकीय बिघाड नेमका हेरणारं औषध 2018 पासून अमेरिकेत मंजूर आहे. ब्लॉक फेकले असते, तर हे कळलं कसं असतं?

लॅब जुनं सामान कायम सांभाळत नाही. तेव्हा वेळेत रीतसर अर्ज करून, पावती घेऊन ब्लॉक आणि तपासणीच्या काचा (स्लाइड) ताब्यात घ्या. पत्र्याखालच्या ट्रंकेत ठेवू नका, मे महिन्यात मेण मऊ पडेल. गार, कोरड्या जागी रिपोर्टसह ठेवा.

दुसरं मागणं नोंदीचं. इंदापूरला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शी, परांडा, भूमच्या गावांत माणसं घरोघर जाऊन विचारतात. ते जमतं, तर बारामतीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांपुरती लाळग्रंथीच्या कॅन्सरची एक वही का उघडू नये? वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण भरले तरी चालतील. दुर्मीळ रोगाचं शहाणपण असंच थेंबाथेंबाने साचतं. आशाताईंनी गावातली नावं द्यावीत, डॉक्टरांनी ब्लॉकचा नंबर लिहावा. आणि रुग्णांनी फोन बदलला तर कळवावा, बरं वाटत असलं तरी दहाव्या वर्षीची तपासणी चुकवू नये.