टोळी विकायची आणि तेल विकत घ्यायचं?

मोहफूल सरलं की टोळी येते. कुठे तिला मोहट्या म्हणतात, कुठे डोळी. वेचायची, फोडायची, वाळवायची, हे सगळं बायापोरं करतात. पेरणीच्या तोंडावर घरात पैसा नसतो, नेमका तेव्हाच व्यापारी दारात येतो आणि "माल ओला आहे" म्हणून भाव पाडतो. त्याच पैशातून आपण बाजारातून तेलाची पिशवी आणतो.

टोळीच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं. घाण्यावर सगळं निघत नाही, काही पेंडीत राहतं. या तेलात ई जीवनसत्त्वही असतं. त्याचे एकूण आठ प्रकार आहेत. बियांमध्ये ते तेलाला लवकर खवट होऊ देत नाही. कारखान्यात तेलाचा वास घालवायला ते दोनशे अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर या जीवनसत्त्वाचा काही भाग निघून येतो. सोयाबीनसारख्या तेलांतून असा निघालेला भाग गोळा करून त्याच्या गोळ्या बनतात. म्हणजे तेल वेगळं विकलं, त्यातलं सत्त्व वेगळं विकलं!

म्हणून टोळीचं तेल औषध आहे असं आम्ही म्हणत नाही. तसं सांगून कोणी धंदा करू लागला तर त्यालाही जाब विचारा.

व्यापाऱ्याचं ओल्या मालाचं बोलणं मात्र अर्धं खरं आहे. ओल्या टोळीला बुरशी लागते, तेलातलं आम्ल वाढतं, भाव पडतो. पाऊस लागायच्या आधी गर कडक वाळवा. तेल झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवा. पेंड मासे मारायला चालते ती तिच्यातल्या विषामुळे, ती तशीच जनावरांपुढे टाकू नका. (म्हाताऱ्यांना हे ठाऊक आहे, पोरांना सांगावं लागतं.)

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आपल्याला दिली आहे. २०१२ च्या सुधारित नियमांत साठवण, प्रक्रिया, वाहतूक आणि विक्री, सगळं धरलं आहे. वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती देते. नाक्यावर कोणी गाडी अडवली तर हा नियम दाखवा.

येत्या ग्रामसभेत टोळीचा विषय घ्या. घरटी किती पोती निघतात ते लिहून काढा. घरच्या तेलापुरती आधी बाजूला ठेवा, उरलेली एकत्र तोलून विका. पेरणीसाठी ज्यांना उचल लागते त्यांना ग्रामकोषातून देता येईल का, हेही ठरवा, नाहीतर तीच घरं पुन्हा व्यापाऱ्याकडे जातील. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.