सहा वर्षे, सहा मास्तर

वीस वर्षांचा एक मुलगा घ्यायचा. साऱ्या देशासमक्ष त्याला पहिल्या क्रमांकाने निवडायचे. सुमारे पाच कोटी डॉलरांचा करार त्याच्यापुढे ठेवायचा. मग सहा वर्षांत त्याला सहा मास्तर द्यायचे. आणि अखेर चारचौघांत मान डोलावून निकाल सांगायचा की, ‘पोरगा मुळातच ढ!’ ह्या उद्योगाला अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल म्हणतात. मी ह्या खेळाचा भक्त आहे. भक्ताला देवाशी भांडायचा हक्क असतो. आपल्या जनाबाईनेही विठोबाला चार खरमरीत शब्द सुनावल्याशिवाय सोडले नाही. तो हक्क मी आज बजावणार आहे.

चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचक म्हणतील, ‘अहो, पण हा खेळ आम्ही कधी पाहिलेला नाही!’ हरकत नाही. हा फुटबॉल पायाचा कमी आणि हाताचा जास्त. नारळासारखा लांबट चेंडू आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू बहुधा प्रतिपक्षाच्या हवाली. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. ह्या चढाईचा कारभारी म्हणजे क्वार्टरबॅक. शिरस्त्राणातल्या छोट्या यंत्रातून प्रशिक्षकाचा हुकूम त्याच्या कानात पडतो. तो त्याने उरलेल्या दहा गड्यांना सांगायचा, समोरच्या फळीचा बेत हेरायचा, आणि चेंडू हातात आल्यापासून साधारण तीन सेकंदांत ठरवायचे की तो कोणाकडे फेकावा. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोंचे धटिंगण त्याला लोळवायला अंगावर आलेले असतात. फेकलेला चेंडू शत्रूने झेलला, तर शिव्या मात्र एकट्या क्वार्टरबॅकला.

मी राहतो कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या जवळ. ह्या परिसरात मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि दिवाळी नेमकी फुटबॉलच्या ऐन हंगामात येते. त्यामुळे एकीकडे अनारसे आणि दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा ‘फॉर्टीनायनर्स’ संघ, असा आमचा सण साजरा होतो. त्या फराळाच्या बैठकीत गेली वीस वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘२००५ साली आपण अ‍ॅलेक्स स्मिथला घेतले आणि अ‍ॅरन रॉजर्सला सोडले, तिथेच घात झाला!’ ज्या विद्वानांना लाडू बेसनाचा की रव्याचा हे सांगता येत नाही, तेही हे वाक्य ठणकावून सांगतात. ह्याच वाक्याशी माझे भांडण आहे.

आता वस्तुस्थिती पाहू. तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. म्हणजे सर्वांत गुणी मुलगा सर्वांत मोडक्या घरात जाऊन पडतो! २००४ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्को १६ पैकी १४ सामने हरला, आणि म्हणून २००५ साली युटाच्या विद्यापीठातला अ‍ॅलेक्स स्मिथ त्यांच्या पदरात आला. त्याच निवडीत बर्कलीचा अ‍ॅरन रॉजर्स चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बे संघाकडे गेला.

स्मिथचा पहिला हंगाम वाईट गेला : टचडाउनची फेक एक, आणि शत्रूच्या हाती गेलेले चेंडू अकरा. चढाई शिकवणारा मास्तर होता माइक मॅकार्थी. वर्ष संपताच ग्रीन बेने त्याला मुख्य प्रशिक्षक करून उचलले. २००६ मध्ये आला नॉर्व्ह टर्नर. त्याच्या हाताखाली स्मिथ सोळाच्या सोळा सामने खेळला, सोळा टचडाउन फेकले, संघ चारांवरून सात विजयांवर गेला. रोप जीव धरू लागले, तोच टर्नर सॅन डिएगोचा मुख्य प्रशिक्षक होऊन चालता झाला. २००७ मध्ये जिम हॉस्लर. त्याच वर्षी स्मिथचा फेकीचा उजवा खांदा दुखावला. २००८ मध्ये माइक मार्ट्झ. खांद्यापायी स्मिथचा तो हंगाम वायाच गेला. २००९ मध्ये जिमी रे. २०१० चे तीन सामने हरताच त्यालाही निरोप, आणि त्याच्या जागी माइक जॉन्सन. मोजा बोटांवर : सहा हंगाम, सहा मास्तर! त्यांच्या डोक्यावरचे मुख्य प्रशिक्षकही स्थिर नव्हते. माइक नोलन २००८ च्या मध्यावर गेला, त्याच्यामागून आलेला माइक सिंगलटरी २०१० चा एक सामना शिल्लक असताना गेला.

‘मास्तर बदलला म्हणून काय झाले? चेंडू तोच, मैदान तेच!’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा विचार करावा की, मास्तराबरोबर नेमके काय बदलते. प्रत्येक प्रशिक्षकाची डावपेचांची एक जाडजूड पोथी असते आणि तिची भाषा स्वतंत्र असते. मॅकार्थीच्या परंपरेत गड्यांच्या धावण्याच्या वाटांना नावे असतात. टर्नरच्या परंपरेत त्याच वाटांना आकडे असतात. एका परंपरेत तीन-पाच पावले मागे सरून चटकन जवळचा चेंडू टाकायचा. दुसरीत सात पावले मागे जाऊन लांबवर फेकायचा. पाय, डोळे आणि जीभ, तिन्ही नव्याने घडवायचे. आपल्याकडे गाणे शिकणाऱ्या पोराला पहिल्या वर्षी ग्वाल्हेरच्या बुवांकडे घातले, दुसऱ्या वर्षी किराण्याच्या, तिसऱ्या वर्षी आग्र्याच्या, आणि सहाव्या वर्षी मैफिलीत बसवून विचारले की, ‘तुझी गायकी कोणती?’ तर तो बिचारा काय सांगणार? तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा असेल तर तो विचाराने होत नाही, सवयीने होतो. आणि सवय लागायला निदान कालचा धडा आज खोटा ठरता कामा नये.

आता प्रेक्षकांकडे वळतो. १० ऑक्टोबर २०१० च्या रात्री कँडलस्टिक पार्क मैदानावर फिलाडेल्फियाशी सामना चालू असताना हजारो घशांतून घोष उठला, ‘आम्हांला कार हवा!’ कार म्हणजे डेव्हिड कार, बाकावर बसलेला राखीव क्वार्टरबॅक. हा कार कोण? २००२ साली ह्याचीही निवड पहिल्या क्रमांकाने झाली होती. ह्यूस्टनच्या कोऱ्या करकरीत संघाने त्याला घेतले आणि बचावाची भिंत न उभारताच मैदानात उभे केले. त्या एका हंगामात त्याला ७६ वेळा लोळवले गेले. तो विक्रम आहे. एका मोडलेल्या मुलाला हाकलण्यासाठी लोक दुसऱ्या मोडलेल्या मुलाच्या नावाने ओरडत होते, आणि ह्यातला विनोद त्यांतल्या एकाच्याही ध्यानात आला नाही!

मग २०११ उजाडले. मुख्य प्रशिक्षक म्हणून जिम हार्बो आला. तो स्वतः वर्षानुवर्षे क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला. गाव म्हणत होते, स्मिथला काढा. हार्बो म्हणाला, राहू द्या. त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडू यांच्या करारावरून तंटा पेटला होता आणि संघांच्या आवारांना कुलपे लागली होती. स्मिथच्या स्वतःच्या कराराची मुदत संपलेली. तरी ह्या ‘ढ’ मुलाने नव्या मास्तरांची पोथी मिळवली, सॅन होजेतल्या विद्यापीठाच्या मैदानावर सोबत्यांना जमवले आणि सराव स्वतः चालवला. हंगामाचा निकाल : तेरा विजय, तीन पराभव, सतरा टचडाउन, आणि शत्रूच्या हाती फक्त पाच चेंडू. जानेवारी २०१२ मध्ये, त्याच कँडलस्टिकवर, नऊ सेकंद उरले असताना त्याने व्हर्नन डेव्हिसला चेंडू दिला आणि न्यू ऑर्लीन्सचा ३६–३२ असा पराभव झाला. ज्यांनी कारच्या नावाने घसे फोडले होते, ते त्या दिवशी कोणाच्या नावाने ओरडत होते हे मी सांगायला नको.

येथे एखादा तार्किक वाचक मला पकडेल : ‘अहो, हार्बो येणे हाही बदलच की! मग बदलाला नावे कशाला ठेवता?’ शंका रास्त आहे. वाईट मास्तर कायम ठेवा असे मी म्हणत नाही. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने २०१६ मध्ये जॅरेड गॉफला पहिल्या क्रमांकाने घेतले. त्या वर्षी तो सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला. मालकांनी प्रशिक्षक बदलला, शॉन मॅकव्हे ह्या तिशीच्या तरुणाला आणले, आणि पुढच्याच वर्षी संघ अकरा सामने जिंकला. पण हा मॅकव्हे मुलाला हाताशी धरून बसला, आणि मालक मॅकव्हेला. बदल हे औषध आहे. ते वैद्याने एकदा द्यावे, रोग्याला तिन्ही त्रिकाळ पाजू नये.

दुसरा आक्षेप असा की, काही मुले खरोखरच कच्ची निघतात. निघतात! कोण नाही म्हणतो? पण कच्चा कोण आणि पक्का कोण, हे कळायलाही मास्तर टिकावा लागतो. दर महिन्याला वजने बदलणाऱ्या दुकानदाराने माल हलका असल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? पेटन मॅनिंग आज थोरांत गणला जातो. १९९८ च्या पहिल्या हंगामात त्याने २८ चेंडू शत्रूच्या हाती दिले. नवख्यांत तो आजही विक्रम आहे. संघ तेरा सामने हरला. इंडियानापोलिसने काय केले? काही केले नाही! तोच मुख्य प्रशिक्षक, तोच चढाईचा मास्तर टॉम मूर. पुढच्या वर्षी संघ तेरा सामने जिंकला, आणि मूर त्याच्या पाठीशी दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. ‘काही न करणे’ ही देखील एक विद्या आहे, आणि ती फार थोड्या मालकांना साधते.

आता त्या रॉजर्सचे ऐका. ग्रीन बेने त्याला तीन वर्षे ब्रेट फार्व्हच्या मागे बाकावर बसवून शिकू दिले. २००८ मध्ये तो खेळायला उतरला तेव्हा संघ सहाच सामने जिंकला. तरी मुख्य प्रशिक्षकाला हाकलले नाही. दोन वर्षांनंतरच्या हंगामात तोच संघ अजिंक्य ठरला. आणि त्याचा मुख्य प्रशिक्षक कोण? माइक मॅकार्थी! स्मिथला एक वर्ष शिकवून गेलेला तोच मास्तर रॉजर्सला २०१८ पर्यंत लाभला. तेव्हा फराळाच्या बैठकीतील पंडितांनो, रॉजर्स सॅन फ्रान्सिस्कोला आला असता तर तो रॉजर्स झाला असता, ही खात्री तुम्हांला कोणी दिली? सहा वर्षांत सहा पोथ्या त्याच्याही गळ्यात पडल्या असत्या, आणि आज तुम्ही चकली मोडीत म्हणाला असता, ‘स्मिथला घ्यायला हवे होते!’

हे असे का चालते? कारण उघड आहे. संघाचा मालक स्वतःला हाकलू शकत नाही. भिंत कच्ची, गडी कच्चे, निवड चुकलेली. हे सारे दुरुस्त करायला वर्षे लागतात. मास्तर काढायला एक सकाळ पुरते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मालकाचे छायाचित्र ‘कणखर’ म्हणून झळकते आणि तिकिटे खपतात. सॅन फ्रान्सिस्कोने ह्यापासून काही धडा घेतला काय? हार्बो २०१४ नंतर गेला. २०१५ ला एक प्रशिक्षक, एका वर्षात हाकलला. २०१६ ला दुसरा, तोही एका वर्षात हाकलला. त्या हंगामात संघ पुन्हा चौदा सामने हरला. २०१७ मध्ये काइल शॅनाहन आला. पहिल्या वर्षी सहा विजय, दुसऱ्या वर्षी चार. जुनी रीत असती तर त्याचेही बिऱ्हाड रस्त्यावर आले असते. ह्या वेळी मालकांनी दम धरला, आणि २०१९ च्या हंगामात संघ अंतिम सामन्यात पोचला. पुढे २०२२ च्या निवडीत अगदी शेवटचा, २६२ वा आलेला ब्रॉक पर्डी त्याच स्थिर घरात नावारूपाला आला. पहिला मोडला आणि शेवटचा घडला. फरक मुलांत होता की घरात, हे वाचकांनीच ठरवावे.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्याची सोय नाही. २०२३ मध्ये कॅरोलायनाने ब्राइस यंगला पहिल्या क्रमांकाने घेतले, अकरा सामन्यांनंतर त्याचा प्रशिक्षक काढला, आणि पुढल्या वर्षी नव्या प्रशिक्षकाने दोनच सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवले. दर वर्षी एप्रिलमध्ये असा एखादा मुलगा नवी टोपी घालून हसतमुखाने व्यासपीठावर चढतो, आणि दर वर्षी मला त्याच्यापेक्षा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मालकाच्या चेहऱ्याकडे जास्त निरखून पाहावेसे वाटते.

माझी मागणी साधी आहे. एक मुलगा, एक मास्तर, तीन वर्षे. तीन वर्षांनंतर खुशाल परीक्षा घ्या, खुशाल नापास करा. तोवर प्रेक्षकांनी घसा आणि मालकांनी हात आवरावा.

आणि स्मिथ? २०१२ मध्ये डोक्याला मार लागून तो बाजूला बसला, तेवढ्यात त्याची जागा गेली. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला कॅन्सस सिटीला देऊन टाकले. तेथे त्याला अँडी रीड हा एकच मुख्य प्रशिक्षक पाच वर्षे लाभला, आणि त्या पाचांपैकी चार वर्षे संघ बादफेरीत पोचला. २०१७ मध्ये त्याच्या मागे बाकावर एक नवखा मुलगा येऊन बसला, पॅट्रिक माहोम्स. जवळजवळ पूर्ण हंगाम त्याला खेळवले नाही. स्मिथ तयारी कशी करतो, हे त्याने पाहावे, एवढेच त्याचे काम. स्मिथनेही हातचे राखले नाही. ज्याला कोणी धड शिकवले नाही, त्याने आपल्या जागेवर डोळा असलेल्या मुलाला शिकवले. फेब्रुवारी २०२० मध्ये ह्याच माहोम्सने अंतिम सामना जिंकला. हरवले कोणाला, विचारता? सॅन फ्रान्सिस्कोला.