'वाडा लूक' आणि भंगारात गेलेली ट्रंक

आपल्याच समाजातील एक कुटुंब नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. आम्ही कार्यकर्ते भेटायला गेलो. हॉलमध्ये लाकडी झोपाळा, कोपऱ्यात तांब्याचा हंडा, जात्यावर काच ठेवून केलेला टीपॉय. डिझायनरच्या भाषेत हा 'वाडा लूक'. आजीची पत्र्याची ट्रंक मात्र भंगारात गेली होती.

जुन्या पद्धतीने घर सजवायला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे, की हा जुना काळ कोणाचा?

वाडा म्हणजे नुसते कोरीव खांब नव्हेत. कोणी ओसरीपर्यंत यायचे, कोणी माजघरापर्यंत, हे जात ठरवत होती. आपले पूर्वज दिंडी दरवाजाबाहेर उभे होते. हंड्याचेही तसेच. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची घटना नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५मध्ये तिथल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्याच कारणावरून सवर्णांनी त्यांना मारहाण केली.

कोणी म्हणेल, मग आज तोच हंडा आपल्या हॉलमध्ये आहे, हा आपला विजय नाही का? आहे, जरूर आहे. पण मुलांना झानूची गोष्ट माहीत असेल तर. नाहीतर ती नुसती शोभेची वस्तू. जात्याचेही तेच. आपल्या आयाबायांनी दळता दळता बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. टीपॉयवर चहा ठेवताना त्यातली एक तरी ओवी घरात कोणाला येते का?

आपलाही एक जुना काळ आहे. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांची खोली, तिथली मोरी, फळीवरची भांडी, खाटेखालची ट्रंक, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. याच खोल्यांतून पोरे शिकली, मोर्चे निघाले. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. हा हक्कच आहे, आणि सामायिक संडासाच्या रांगेचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण चाळ पाडली जाते तेव्हा तिच्यातला इतिहासही ट्रकमधून जातो.

स्वतः बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले. पुढे दादरला 'राजगृह' बांधले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वाडा नव्हता, ग्रंथालय होते. घर कसे सजवावे, याचा याहून मोठा धडा कोणता?

म्हणून सामान बांधताना ट्रंक आधी उघडा. जुने फोटो, सभांची पत्रके, मोर्च्यांचे बिल्ले, आजोबांचा गिरणीचा पास जपून ठेवा. नव्या हॉलमध्ये एक भिंत पुस्तकांना द्या आणि ती ट्रंक तिच्याखाली ठेवा. पाहुण्यांनी विचारले, तर ती कोणाची होती हे मुलांना सांगू द्या.

जय भीम!