गप्प बसतो म्हणून सोपा?

मनगटावर घड्याळासारखा गुंडाळलेला काळा-तपकिरी साप आणि खाली 'मीट माय बेबी'. असे रील्स आता कुणाला नवीन राहिलेले नाहीत. साप दिसला की काठी शोधणाऱ्यांच्या देशात साप हातात घेऊन हसणारी मुलं-मुली दिसायला लागली, हे एका अर्थी बरंच झालं. पण या सापाबद्दल एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, 'बिगिनरसाठी बेस्ट आहे रे, काही मेंटेनन्सच नाही.' आमचं भांडण आहे ते या वाक्याशी.

हा साप म्हणजे बॉल पायथन. अजगराच्याच कुळातला, पण आपल्याकडचा नव्हे. सेनेगलपासून युगांडापर्यंत आफ्रिकेचा जो पट्टा जातो, तिथल्या गवताळ प्रदेशात, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत तो राहतो. बेनिनमधल्या विदाह गावात त्याचं चक्क मंदिर आहे आणि तिथे त्याला मारणं पाप समजतात. पूर्ण वाढ तीन ते पाच फूट, मादी नरापेक्षा मोठी. विष नाही, चावण्याची घाई नाही, भुंकणं नाही, सोफ्यावर केस नाहीत. घाबरला की डोकं मधोमध लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून नाव बॉल पायथन.

आता गंमत बघा. ज्या सवयीवरून त्याला नाव पडलं, ती भीतीची खूण आहे. आणि आपण तोच चेंडू तळहातावर घेऊन म्हणतो, 'किती शांत आहे ना!' कुत्र्याला बरं नसेल तर तो कण्हतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते, पोपट पिसं उपटतो. बॉल पायथनच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. चुकीच्या तापमानात, कोरड्या हवेत, लपायला जागा नसलेल्या काचेच्या पेटीत तो आठवडेच्या आठवडे काढतो. तो सोसतो, म्हणून तो सोपा वाटतो.

नवीन मालकाचं खरं काम सापाला हाताळण्याचं नसतंच. ते असतं पेटीतली हवा सांभाळण्याचं. साप स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करत नाही. गरम व्हायचं तर गरम जागी जायचं, गार व्हायचं तर गार जागी, एवढाच उपाय त्याच्याकडे असतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश असं ठेवावं लागतं. दोन्ही टोकांना अंग घासेल इतकी अरुंद, अंधारी लपायची जागा हवी. एकच ठेवली तर त्याला ऊब किंवा सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं आणि तो बहुतेक वेळा सुरक्षितता निवडतो. मग थंड कोपऱ्यात बसून राहतो, खाल्लेलं पचत नाही, उलटी करतो. उष्णता देणारी मॅट असो की बल्ब, थर्मोस्टॅटशिवाय लावायचा नाही. पोट भाजलं तरी साप मॅटवरून उठेलच याची खात्री नसते. पेटीला चिकटवलेला काटेवाला गोल मीटर स्वस्त असतो आणि तसाच चुकतोही. डिजिटल घ्या, आणि दोन घ्या.

इथेच परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची गल्लत होते. तिकडचे लोक बाराही महिने गरम कसं ठेवायचं ते सांगतात, कारण त्यांच्याकडे थंडी असते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतली काचेची पेटी म्हणजे भट्टी होते. साधारण पस्तिशीच्या पुढचं तापमान सतत राहिलं तर हा साप मरू शकतो. म्हणजे नागपूरच्या मालकाला हीटरपेक्षा जास्त काळजी कूलरची, आणि कूलर चालतोय का याची. याच्या उलट नाशिक-पुण्याची जानेवारीतली रात्र. पारा दहाच्या आसपास आणि मध्येच लाइट गेलेली. कोकण-मुंबईला आर्द्रतेची फिकीर नाही असं वाटतं, पण एसी लावून झोपणाऱ्याच्या खोलीतली हवा कोरडीच असते. या सापाला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता लागते. ती आहे की नाही हे कात टाकताना समजतं. डोळे निळसर-पांढुरके होतात, रंग मळतो आणि मग मोज्यासारखी अखंड कात निघते. तुकड्या-तुकड्यांत निघाली तर हवा कोरडी आहे. डोळ्यावरचा पापुद्रा अडकला तर नखानं किंवा चिमट्यानं ओढू नका, डोळा जाईल. आणि खूप दमट, पण वारा न खेळणारी पेटीही वाईटच. श्वास घेताना आवाज, तोंडाशी फेस, तोंड उघडं ठेवून बसणं असं काही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. सापावर उपचार करू शकणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतसुद्धा मोजकेच असतात. तुमच्या गावापासून त्यातला जवळचा कोण, हे साप आणण्याआधी माहीत पाहिजे.

खाण्याचं काय? उंदीर. अख्खा, हाडं-काळीज-यकृतासकट. चिकनचे तुकडे चालत नाहीत, अंडं-पनीरचा तर प्रश्नच नाही, आणि दूध नागपंचमीलाही नाही. पिल्लाला आठवड्याला एक, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांतून एक, आकारानं सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा. जिवंत उंदीर सोडून झोपायला जाणं हा क्रूरपणा दोन्ही बाजूंनी आहे. सापाला भूक नसेल तर रात्रीत उंदीरच त्याची पाठ कुरतडतो. घरात पकडलेला उंदीर तर अजिबात नको, त्यानं आधीच कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं विष खाल्लेलं असू शकतं. जगभर जाणकार पाळणारे गोठवलेले उंदीर वापरतात. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ऊबदार करायचे, कारण या सापाच्या ओठांवरच्या खाचा शिकारीच्या अंगची ऊब हुंगतात. म्हणजे सरळ सांगायचं तर तुमच्या घरच्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमशेजारी, उंदीर असणार आहेत. आईशी हे बोलणं झालंय का? घरमालकाशी? वॉर्डनचं तर सोडूनच द्या.

एवढं करूनही तो जेवेलच असं नाही. नवीन घरी आलेला, कात टाकायच्या बेतात असलेला किंवा नुसताच हंगाम बदलल्याचं कळलेला बॉल पायथन कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा तोंड उघडत नाही. मोठा, धडधाकट साप हे सहज निभावतो. पण नवा मालक घाबरतो आणि घाबरून नेमकं चुकीचं करतो. रोज पेटी उघडतो, रोज नवा उंदीर नाचवतो, हातात घेऊन 'बरा आहेस ना' विचारतो. त्यानं साप आणखी आवळून बसतो. अशा वेळी एक वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा उपयोगी पडतो. दर पंधरवड्याला वजन लिहायचं. ते टिकून असेल तर तापमान तपासा आणि गप्प बसा. सारखं घसरत असेल तर डॉक्टर. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतकी वाट बघायची नाही.

हाताळणीही अशीच. आल्यावर पहिला आठवडाभर, किमान एकदा तरी नीट जेवेपर्यंत, हात लावायचा नाही. जेवल्यावर ४८ तास नाही. कात यायच्या वेळी नाही. आणि पेटीत हात घालून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही, सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पार्टीत गळ्यात घालून फिरवण्यासाठी कुणाला हवा असेल तर त्यानं स्कार्फ घ्यावा.

रंगांबद्दलही थोडं. निवडक पैदाशीतून या सापाचे शेकडो रंगप्रकार, म्हणजे 'मॉर्फ', तयार झालेत आणि किंमत त्यावरच ठरते. त्यातला जाळीदार नक्षीचा 'स्पायडर' दिसायला देखणा असतो, पण त्या नक्षीच्या जनुकासोबत तोल बिघडवणारा दोषही येतो. डोकं थरथरतं, कधी साप उलटाच होतो, भक्ष्यावर झेप घेतो आणि नेम चुकतो. विकणारा म्हणेल, 'थोडा वॉबल आहे, क्यूट दिसतो.' असला साप घेऊ नका. मागणी थांबल्याशिवाय पैदास थांबत नाही.

आता कायदा, कारण इथे 'माहीत नव्हतं' चालत नाही. भारतात सापडणारे साप वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. आपला अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरी ठेवला तर तुरुंगवास होऊ शकतो. 'बॉल पायथनच आहे' असं सांगून अजगराचं पिल्लू कुणी गळ्यात मारत असेल, तर अडकणार तुम्ही. खरा बॉल पायथन हा सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी कायद्यात आली आणि २०२४ च्या नियमांनुसार ती 'परिवेश' पोर्टलवर करायची असते. मालक बदलला, पिल्लं झाली, साप मेला, हे सगळं कळवायचं असतं. विकणाऱ्याकडे कागद नसेल तर तो साप कुठून आला हे विचारायलाच हवं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत ११ साप सापडले, त्यातले नऊ बॉल पायथन होते. इन्स्टावर 'डीएम फॉर प्राइस' लिहिणाऱ्याचा साप अशाच पुड्यातून आलेला असू शकतो, आणि तहानलेला, चिरडलेला, उपाशी जीव पहिल्या महिन्यात मेला की नवा मालक स्वतःलाच दोष देत बसतो.

आणि मेला नाही तर? नीट सांभाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आणून दिलेल्या एका मादीनं जुलै २०२० मध्ये सात अंडी घातली. वय साठीच्या पुढे, आणि नराची गाठ पडून पंधराहून जास्त वर्षं झालेली. एस.वाय.ला असताना घेतलेला साप तुमची डिग्री, पहिली नोकरी, बदली, लग्न आणि कदाचित दुसऱ्या शहरातलं घर, सगळं बघणार आहे. कंटाळा आला म्हणून टेकडीवर सोडायचा हा पर्याय नाही. परका प्राणी निसर्गात सोडणं धोक्याचं, शिवाय इथल्या थंडी-उन्हात तो स्वतःही टिकणं कठीण. सर्पमित्रांच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे आपलं ओझं त्यांच्यावर टाकणं.

तरीही ज्यांना खरंच ओढ आहे, त्यांना 'पाळू नका' असं आम्ही म्हणणार नाही. एकच करा. सापाआधी पेटी आणा. मॅट, थर्मोस्टॅट, दोन मीटर, दोन लपायच्या जागा, पाण्याचं भांडं, सगळं मांडा आणि महिनाभर ती रिकामीच चालवा. रोज सकाळ-रात्र आकडे वहीत लिहा. परीक्षेच्या आठवड्यातही लिहा. शक्य असेल तर तो महिना मे किंवा जानेवारी निवडा. गावी जाल तेव्हा आकडे कोण लिहितं, आणि लाइट गेल्यावर पेटी किती वेळात गार पडते, तेही त्या वहीत येऊ द्या.