स्नायूंचे माप: फीत आणि चुंबक

तालमीत जोर-बैठकांचा क्रम सुरू झाला की काही दिवसांतच दंडाभोवती फीत गुंडाळली जाते. घेर अर्ध्या इंचाने वाढला, की शिष्यही संतुष्ट व वस्तादही संतुष्ट. परंतु फितीच्या वेढ्यात त्वचा, चरबी, रक्त, अस्थी आणि स्नायू ही सर्वच येतात; त्यांपैकी नेमके काय वाढले हे सांगण्याचे सामर्थ्य फितीत नाही.

शरीराच्या आत डोकावून व्यायामाची परीक्षा करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान व नौली यांचा अभ्यास क्ष-किरणांच्या साहाय्याने केला होता. परंतु क्ष-किरणांच्या साध्या चित्रात अस्थी जशी स्पष्ट उमटते, तसा स्नायू उमटत नाही. ती उणीव पुढे चुंबकाने भरून काढली.

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर येथे राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्र आहे. तेथे मेंदूच्या अभ्यासासाठी 3 टेस्ला शक्तीचे चुंबकीय अनुस्पंदन यंत्र, लोकांच्या तोंडचे एम. आर. आय., बसविण्यात आले. त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे 60,000 पट बलवान असते. स्नायूंचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी आहे. त्या पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे अशा क्षेत्रात रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि चरबीचा प्रतिसाद स्नायूंहून निराळा असल्यामुळे दोहोंमधील सीमा चित्रात दिसते. मांडीची अशी अनेक काप-चित्रे घ्यावीत, प्रत्येकातील स्नायूचे क्षेत्रफळ मोजावे, त्यास कापाच्या जाडीने गुणावे व बेरीज करावी, म्हणजे घनफळ मिळते. तत्त्व शाळेतल्या भूमितीचेच आहे.

मग मेंदूचे यंत्र आणि स्नायू यांचा संबंध एवढाच काय? तसे नव्हे. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी 90 वर्षे वयाच्या 10 वृद्धांना वजने उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. 8 आठवडे पुरे करणाऱ्या 9 जणांचे पायांतील बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. मांडीतील स्नायूंचे क्षेत्रफळ मात्र 9 टक्क्यांनीच. उरलेले बळ कोठून आले? त्याचा मोठा वाटा मेंदू व मज्जातंतूंचा होय. असलेल्या स्नायुतंतूंना अधिक संख्येने व अधिक वेगाने कामास लावण्यास ते शिकतात. म्हणून केवळ आकार मोजणारा अर्धीच गोष्ट सांगतो, आणि आकार वाढला नाही म्हणून व्यायाम सोडणारा स्वतःचीच फसवणूक करतो.

हे माप पिळदार शरीराच्या हौसेपुरते राहू नये. आजारपणात अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची मांडी झपाट्याने झडते. तो बरा होऊन उठतो तो पडण्यासाठीच. अशा ठिकाणी मोजमापाची खरी गरज आहे, आणि प्रत्येक तालुक्यात महागडे चुंबक नेणे शक्य नाही. सोनोग्राफी पुरेशी आहे. जपानमध्ये इकाई व फुकुनागा यांनी 1968 सालीच ध्वनिलहरींनी दंडाच्या स्नायूचे क्षेत्रफळ मोजले होते. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यानुसार असे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते. तो निर्बंध योग्यच आहे, व्यायामशाळांनी त्याबद्दल कुरकुर करू नये. नोंदणीकृत रुग्णालयांनीच वृद्धांचे हे माप आपल्या नित्यक्रमात घ्यावे.

मात्र घाई नको. नव्या व्यायामाने स्नायूस सूक्ष्म इजा होते व त्यात पाणी साचते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसणारी वाढ पुष्कळदा सूजच असते, आणि ती फितीप्रमाणे चुंबकासही फसविते. यास्तव पहिले माप व्यायामास आरंभ करण्यापूर्वी घ्यावे. दुसरे आठ-दहा आठवड्यांनी, शेवटच्या श्रमानंतर दोन-तीन दिवस विश्रांती देऊन, त्याच स्थितीत निजवून, आणि शक्यतो त्याच माणसाच्या हातून घ्यावे.