मुलांचे वळण व घरातील दंडुका

आपली मुले दयाळू, नम्र व सत्यवादी निपजावीत अशी इच्छा न बाळगणारे आईबाप आमच्या पाहण्यात नाहीत. तथापि ती इच्छा तडीस नेण्याकरिता घरोघर जे उपाय योजले जातात ते पाहिले म्हणजे बाभळ पेरून आंब्याची वाट पाहणाऱ्याची आठवण होते. धाकट्यास मारले म्हणून थोरल्यास मार बसतो, आणि मारणे वाईट असे त्याच वेळी त्यास बजावलेही जाते! यातून मुलास बोध होतो तो इतकाच की, मोठे झाल्यावर मारण्याचा अधिकार आपणांसही मिळेल.

जुन्नर तालुक्यातील येडगावाकडेच पाहू. कुकडीवरील धरणाने या टापूत बागायत वाढली, ऊस आला. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात व फडाच्या आसपास त्यांच्या खोपी पडतात. खोपीतील मुले व बागायतदाराची मुले एकाच वयाची. परंतु एकास शाळा आहे, तर दुसरे धाकट्या भावंडास कडेवर घेऊन फडावर बसते. या भागात उसातील बिबट्याचे भय किती आहे हे सांगावयास नकोच. असे एखादे पोर हंडा घेऊन दारी आले असता घरची माणसे त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलतात, हे आपले मूल ओट्यावरून ऐकत असते. ‘चल, हो बाजूला’ हे जसे ते ऐकते, तसेच ‘पाणी घे बाळा, अन् अंधार पडायच्या आत जा’ हेही ऐकते. आमच्या मते दयेचा पहिला धडा तो हाच. परवचा म्हणून घेतल्याने तो पाठ होत नाही.

व्यापारी वाचकांनीही रागावू नये. नारायणगावच्या बाजारात असो वा अन्यत्र, गल्ल्याशेजारी बसलेला मुलगा हमालाशी व उधारीच्या गिऱ्हाइकाशी आपण कसे वागतो याचाही हिशेब मनात ठेवीतच असतो.

शाळेतील छडी कायद्याने बंद झाली आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. हे कलम शाळेपुरते; घराचा उंबरठा ते ओलांडीत नाही. स्वीडन देशाने तोही १९७९ सालीच ओलांडला. आमच्याकडे हा विचार परका मात्र नव्हे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि शिक्षेइतकेच बक्षिसाचे आमिषही त्यांनी त्याज्य मानले. ‘शहाण्यासारखा वाग, खाऊ देईन’ म्हणणाऱ्या आजोबांनी याचा अवश्य विचार करावा. पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांत काम केले, तेही छडीवाचून.

‘आम्ही मार खाल्ला, म्हणून सुधारलो,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोणी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा दाखला देतात, की पोहावयास भिणाऱ्या श्यामला त्या माउलीनेही मारलेच! खरे आहे, पण मागाहून तिचेच डोळे भरून आले, हे हा दाखला देणारे सोयीस्करपणे गाळतात. शिवाय त्या पुस्तकातून वाचकाच्या मनात राहते ते तिचे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी, गोरगरिबांशी वागणे.

धाक सर्वस्वी सोडावा असे आमचे म्हणणे नाही. विहिरीकडे धावणाऱ्या मुलाचा दंड धरून त्यास मागे ओढणे, हट्टास ठाम नकार देणे, मोडलेली वस्तू त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेणे, यांत क्रौर्य नाही. क्रौर्य शिरते ते आपला दिवसभराचा राग त्याच्या पाठीवर काढण्यात.

गळिताचा हंगाम सुरू झाला की येडगावच्या व आसपासच्या पालकांनी एवढे करून पाहावे: खोपीतील मुलांची नावे शाळेत दाखल करून घ्यावयास शिक्षकांकडे जावे, आणि जाताना आपल्या मुलास बरोबर न्यावे. वाटेत उपदेश करू नये.