टोपीखालचं दुःख
इनामगावात परवा मुलीकडचे घर बघायला आले होते. पोरगा २४ वर्षांचा, ऊस-कांदा नीट सांभाळणारा. पण पाहुणे जाईपर्यंत डोक्यावरची टोपी काही उतरली नाही. नंतर ओट्यावर त्यानं ती काढली. कपाळाच्या दोन्ही कडा मागं सरकलेल्या, टाळू विरळ, वर कांद्याच्या रसाचा वास. दोष तो बोअरच्या पाण्याला देत होता. शेगाव तालुक्यात २०२५च्या जानेवारीत लोकांना अचानक टक्कल पडलं, ते प्रकरण निराळं. तिथल्या तपासण्यांत सेलेनियम वाढलेलं आढळलं. याचं टक्कल मात्र घराण्यातून आलेलं. डीएचटी नावाचं संप्रेरक केसांची मुळं बारीक करत नेतं. त्यावर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड यांचा गुण येतो, तेलांचा नाही. फिनास्टेराइडनं काहींना लैंगिक तक्रारी होतात, मन उदास होतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. मिनॉक्सिडिलनं पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात आणि नेमकी तिथंच पोरं बाटली फेकून देतात! फरक कळायला चार-सहा महिने लागतात. औषध थांबवलं की गळती परत सुरू. सोमवारी शिरूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ, म्हणालो. आतून त्याची आई म्हणाली, ‘भाऊ, मीपण येते.’